वरची कडी

बी.एड.ला आम्हाला पहिली गोष्ट शिकवली ती ही, की पाठाच्या प्रस्तावनेतला शेवटचा प्रश्न मुलांना येता कामा नये. आधी तीन-चार सोपे प्रश्न विचारायचे, मुलांनी पटापट हात वर करायचे, आणि मग असा एक प्रश्न टाकायचा की सगळा वर्ग गप्प. त्या गप्पपणात आपण फळ्याकडं वळायचं, घटकाचं नाव लिहायचं आणि म्हणायचं, ‘तर मुलींनो, आज आपण हेच शिकणार आहोत.’ त्याला समस्यात्मक प्रश्न म्हणत. तो फसला की पाठ फसला. म्हणजे मुलांना उत्तर येणं हे बी.एड.मध्ये संकट होतं. आमच्यातल्या चतुर मुली आदल्या दिवशी वर्गात चॉकलेटं वाटून यायच्या आणि बजावून यायच्या, ‘उद्या शेवटच्या प्रश्नाला कुणी तोंड उघडायचं नाही हं.’ मी ते कधी केलं नाही. तत्त्व वगैरे काही नव्हतं, लाज वाटायची एवढंच.

आमचं घर नांदेडचं आणि घरात सगळी मास्तरकीच. वडील हायस्कूलला, आई प्राथमिकला, काका नायगावला मुख्याध्यापक. आमच्याकडं भिंतीला टेकलं तरी पाठीला खडू लागायचा म्हणा ना. त्यामुळं मी काय होणार हे मला कुणी विचारलंच नव्हतं. छात्रसेवाकालाच्या, म्हणजे शिकवायच्या सरावाच्या, शाळा वाटल्या गेल्या तेव्हा कुणाला हिमायतनगर मिळालं, एकीला किनवटकडची आश्रमशाळा मिळाली आणि ती रडत बसली. मला लातूर मिळालं. सगळ्या माझ्याकडं अशा बघायला लागल्या, जसं काही माझं स्थळच पक्कं झालंय.

लातूरचा तेव्हा तसाच दबदबा होता. बसस्टँडवर उतरलं की पोरापोरींचे फोटो लावलेले फलक दिसायचे, फोटोखाली गुण. गल्लीगल्लीत क्लास, क्लासच्या वर वसतिगृह, खाली झेरॉक्स आणि खानावळ. पहाटे अंधारात सायकलींच्या रांगा लागायच्या. भूकंपाला नऊ-दहा वर्षं होऊन गेली होती. शहर त्याबद्दल फारसं बोलत नसे. फक्त त्या गावांकडून आलेल्या माणसाची ओळख करून देताना लोक आवाज थोडा खाली आणून म्हणायचे, ‘भूकंपाचा हाय.’ जणू ते त्याचं आडनाव होतं.

मला मिळालेल्या शाळेत दहावीला आमच्यासारख्यांना हात लावू देत नसत. नववीतल्या मुलींचा एक वर्ग माझ्याकडं विज्ञानासाठी दिला. त्या वर्गाची बसायची रीत मला पहिल्याच दिवशी खटकली. दर महिन्याला चाचणी व्हायची आणि गुणांप्रमाणं जागा बदलायच्या. पहिली आलेली मुलगी फळ्यासमोरच्या बाकावर, भिंतीकडून. मग दुसरी, तिसरी, असं करत करत ढ ठरलेल्या मुली मागं. वर्गाला दार एकच आणि तेही मागं. तास सुरू झाला की दाराला आतून कडी लागायची. उशिरा येणारीनं बाहेर उभं राहायचं, हा नियम.

दाराला लागून, शेवटच्या बाकावर एक मुलगी बसायची. अंगानं लहानखुरी, सहावीतली वाटावी अशी. कपाळावर विभूतीची पुसट रेघ, रिबिनीनं वर बांधलेल्या दोन वेण्या. वर्गशिक्षक सर फळ्याकडं वळले की ती हळूच उठायची, कडी काढायची आणि परत जागेवर बसायची. दार उघडायची नाही, बाहेर डोकावायचीही नाही. नुसती कडी काढायची. वाऱ्यानं दार किंचित हललं की सरांच्या लक्षात यायचं.

‘कडी कोण काढलं गं?’

ती उभी राहायची. मग शिक्षा म्हणून तासभर दाराजवळ उभं राहायचं. ही शिक्षा तिला शिक्षा वाटतच नसावी, असं तिच्या तोंडाकडं बघून मला वाटायचं. मधल्या सुट्टीत मी पुढच्या बाकावरच्या मुलींना विचारलं, तर एकीनं पटकन सांगितलं, ‘ती भूकंपाची हाय बाई. तिला समदे कडीच म्हणत्यात.’

मी समजून गेले. म्हणजे मला तसं वाटलं. एवढ्याशा वयात डोक्यावर घर कोसळलेलं लेकरू, पळायला वाट मोकळी पाहिजे असणार. यात न समजण्यासारखं काय आहे?

शाळेत छात्राध्यापिका आल्या की शिक्षकांना पहिला आनंद होतो तो पेपर तपासायला माणसं मिळाल्याचा. माझ्याकडंही चाचणीचा गठ्ठा आला. तिचा पेपर हातात आला तेव्हा मी दोनदा नाव बघितलं. गणितं सोडवलेली, पायऱ्या स्वच्छ, उत्तरं बरोबर, आणि त्यांच्यावर पट्टी धरून मारलेली तिरकी रेघ. न येणारं पोर असं खोडत नाही. न येणारं पोर घासून घासून कागद फाडतं. हिनं पास होण्यापुरती उत्तरं ठेवली होती आणि बाकीची व्यवस्थित रद्द केली होती.

नळाजवळ डबा धुत होती तेव्हा तिला गाठलं. ‘उत्तर बरोबर होतं की तुझं. खोडलंस कशाला?’

ती डब्याचं झाकण घासत राहिली.

‘पुढं बसायला नको वाटतं?’

‘पुढं दार न्हाई बाई,’ ती म्हणाली.

‘भीती वाटते?’

‘न्हाई.’ हे मात्र ती माझ्याकडं सरळ बघून बोलली. मी अर्थातच विश्वास ठेवला नाही.

थोड्या दिवसांनी तिनं आपणहून बाकीचं सांगितलं. वडिलांचं पुनर्वसनाच्या गावात किराण्याचं छोटं दुकान. आई नाही. शाळेत नववीतल्या निवडक मुलींची विशेष तुकडी होती, दहावीच्या गुणवत्ता यादीसाठी; दिवाळीनंतर तिच्यात आणखी मुली घ्यायचे. त्या मुलींचं राहणं, खाणं, शिकवणी सगळं शाळेकडं. ‘अप्पा म्हणलेत, वरच्या तुकडीत नंबर लागला तर ऱ्हा, न्हाईतर दिवाळीला घरला ये. हितं ठिवायला जमंना गेलंय.’

‘मग लाव की नंबर. तुला काय अवघड आहे?’

‘ती तुकडी तिसऱ्या मजल्यावर बसती बाई. खिडक्यांला बी कागद लावलेत. आन् पयली आली की जागा भिंतीला.’

‘मग तुला काय पाहिजे ते तरी सांग.’

‘शिकायचंय,’ ती म्हणाली. ‘मागं बसून.’

असा पेच मी मानसशास्त्राच्या पुस्तकात वाचला नव्हता. हुशारी दाखवली तर दार जाणार, लपवली तर शाळा जाणार. दिवाळी तोंडावर आली होती आणि हे लेकरू महिन्यामागून महिना दोन्ही हातांनी दोन दोर धरून लटकत होतं. मला राग आला. कुणाचा ते ठरवता येईना, म्हणून सगळ्यांचाच आला.

वर्गशिक्षक सरांचा तरी कसा धरावा? विशेष तुकडी त्यांचीच. उजाडायच्या आत शाळेत हजर, दिवस मावळला तरी फळ्याजवळ. बहिणीच्या लग्नात अक्षता टाकून तासाला परत आलेला माणूस, असं त्यांच्याबद्दल शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळे कौतुकानं सांगायचे. गरिबाच्या पोरांना वह्या स्वतः आणून द्यायचे. वाईट असते तर बरं झालं असतं, कडाकडा भांडून मोकळी झाले असते.

माझा परीक्षेचा पाठ त्याच वर्गावर लागला. घटक ध्वनी. नांदेडहून परीक्षक आले होते, जाड भिंगाच्या चष्म्याचे, हातात गुणांचा तक्ता. ते आणि वर्गशिक्षक सर मागं खुर्च्या टाकून बसले. मी नादकाटा, रबरी हातोडी, तक्ते सगळं मांडलं, आणि मग दाराकडं गेले. बाहेर बांधकामातली एक वीट पडली होती. दार सताड उघडलं, वीट लावली आणि परत फळ्याजवळ आले. परीक्षक माझ्याकडं बघत होते. बघू देत म्हटलं. आजचा वर्ग माझा आहे.

सोपे प्रश्न झाले. मुलींनी हात वर केले. मग मी तो शेवटचा प्रश्न टाकला. ‘ध्वनी हवेतून लवकर पोचतो की जमिनीतून?’

वर्ग गप्प. अगदी पुस्तकात लिहिल्यासारखा गप्प. मी खडू घेऊन फळ्याकडं वळणार एवढ्यात शेवटच्या बाकावरून आवाज आला.

‘जमिनीतून. आधी पायाला कळतंय बाई, मग कानाला.’

परीक्षकांनी तक्त्यावर काहीतरी लिहिलं. पाठ फसला होता. खरं तर तिथंच ‘बरं, बस’ म्हणून गाडी रुळावर आणायची असते. मी विचारलं, ‘कशावरून म्हणतेस?’

‘आमच्या गावात समद्यांला ठावं हाय.’

कुणी हसलं नाही. मग मी नादकाटा वाजवून बाकावर टेकवला, एकेकीला बाकाला कान लावायला सांगितलं, आणि पुढचा अर्धा तास वर्ग माझ्या पाठाच्या टाचणाबाहेरच चालला. ती बोलत होती. वीज आधी का दिसते, विहिरीत आवाज का घुमतो, रुळाला कान लावल्यावर गाडी कशी कळते. दोरी सुटलेल्या वासरासारखं झालं होतं तिचं. आणि एकदाही दाराकडं बघितलं नाही, कारण दार उघडं होतं. मी त्या वर्षी कितीतरी पाठ दिले. शिकवल्यासारखं वाटलं ते त्याच दिवशी.

परीक्षकांचा शेरा असा : समस्यात्मक प्रश्न फसला. एकाच विद्यार्थिनीकडून उत्तरे घेतली. वर्गाचे दार उघडे.

वर्गशिक्षक सरांनी वेगळंच काही टिपलं होतं. त्यांनी तिचे आधीचे सगळे पेपर कपाटातून काढले, खोडलेल्या उत्तरांना स्वतः गुण दिले आणि दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये माझ्यासमोर चहाचा कप ठेवला. चेहरा असा फुललेला, जणू घरी मुलगी झाल्याची बातमी आलीय. ‘मॅडम, तुमचे लई उपकार झाले बघा. हिरा लपून बसला होता की हो माझ्या वर्गात! पयल्या नंबरची पोरगी हाय ही.’

दिवाळीची वाटही बघितली नाही. त्याच आठवड्यात ती तिसऱ्या मजल्यावर गेली. पहिला बाक, भिंतीकडून.

पुढं कॉलेजात एक मैत्रीण मला म्हणाली, तू दार उघडं ठेवलं नसतंस तर ते सगळं टळलं असतं. मला ते तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही. लेकराला मोकळं बोलता आलं ही चूक, आणि बाकी सगळं बरोबर, असा हिशेब मला मान्य नाही.

मी सरांकडं गेले. म्हटलं, तिला दाराजवळ बसू द्या, नाहीतर निदान कडी लावू नका. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ‘मॅडम, जागा नंबरानं हायत. एकीला सूट दिली तर बाकीच्यांचे आई-बाप मला जाब विचारतील. आन् भीतीचं म्हणाल तर ती बसून बसूनच जाती. मोठ्या परीक्षेत हिच्यासाठी दार कोण उघडं ठेवणार हाय?’ मी काहीतरी बोलले, बहुतेक जोरात बोलले, कारण शिपाई आत डोकावला. सर म्हणाले, ‘तुम्ही चार दिवसांच्या पाहुण्या. मला तिला दहावीपर्यंत न्यायचंय.’ हे खरंच होतं, म्हणून मला जास्त लागलं.

वर जाऊनही ती तेच करत राहिली. आता पहिल्या बाकावरून उठायची, सगळा वर्ग ओलांडून मागं जायची, कडी काढायची आणि परत येऊन वही उघडायची. मुली हसायच्या. सर ओरडायचे, परत कडी लावायचे. ती परत उठायची. जिन्यात भेटली तेव्हा मी म्हटलं, थोडं सोसून बघ. माझ्याजवळ याहून चांगलं काही नव्हतं. ती म्हणाली, ‘अप्पांनी गावात पेढे वाटले म्हणं बाई.’

मग रविवारी सुतार आला. त्यानं जुनी कडी काढून टाकली आणि चौकटीच्या वरच्या अंगाला नवी ठोकली. सरांनी वर्गातल्या पोरींच्या उंचीचा अंदाज घेऊनच ती तिथं बसवून घेतली होती. सोमवारी ते मला म्हणाले, ‘आता झगडाच मिटला.’ त्यात खुन्नस नव्हती. शाळेतली एक किरकोळ दुरुस्ती करून घेतल्याचं समाधान होतं.

त्याच दिवशी वीज गेली. ती तर रोजच जायची. खालच्या मजल्यावर जनरेटर सुरू झाला की सगळ्या इमारतीत बारीक घरघर यायची, बाकावर ठेवलेली पट्टी थरथरायची. मी नववीच्या वर्गात होते. वरच्या तुकडीतली एक मुलगी धापा टाकत आली. ‘बाई, वर चला. ती कायतरीच करून राहिली.’

मी पोचले तेव्हा दार उघडं होतं. पूर्ण उघडं. आणि ती उंबऱ्यात उभी होती, चवड्यांवर, उजवा हात जेवढा जाईल तेवढा वर ताणलेला. बोटं हवेत काहीतरी चाचपत होती. रडत नव्हती, ओरडत नव्हती. मागं सगळ्या मुली बाकाला चिकटून गप्प बसल्या होत्या. सरांच्या हातात अजून खडू होता.

‘मी कडी काढली मॅडम,’ ते म्हणाले. त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. ‘कवाच काढली. हिला सांगून राहिलो, दार उघडलंय म्हणून. हिला ऐकूच येईना.’

मी तिचा हात धरून खाली आणला. सोडला की परत वर गेला.

‘हात पुरत न्हाई बाई,’ ती म्हणाली. एवढंच, पुन्हा पुन्हा, अगदी साध्या आवाजात. खाली कुणीतरी जनरेटर बंद केला, तेव्हा कुठं तिच्या टाचा टेकल्या.

तिचे वडील दुपारच्या बसनं आले. धोतर, पांढरी टोपी, खांद्यावर रिकामी पिशवी. ऑफिसच्या बाहेरच्या बाकावर ती त्यांच्याजवळ दप्तर मांडीवर घेऊन बसली होती. मला बघून ते उठले, हात जोडून ‘शरणार्थ बाई’ म्हणाले आणि परत बसले. सर आत होते, बाहेर आले नाहीत. मी म्हटलं, तिला बंद खोलीची भीती वाटते, आमच्या लक्षात यायला हवं होतं.

‘भीती?’ त्यांनी मान हलवली. ‘भीती न्हाई बाई तिला. कशाचीच न्हाई.’

मग त्यांनी सांगितलं. सांगताना मुलीला तिथून उठवलं नाही. तिला ते सगळं माहीतच होतं.

‘त्या रातीला मी दुकानाचा माल आणाया हितंच लातूरला आलतो, हितंच ऱ्हायलो. पहाटं हादरलं. गावाकडं पोचाया दुपार झाली. घरावरचं मातीचं माळवद समदं खाली आलतं, दाराची चौकट तेवढी हुबी. दाराला आतून कडी. ही पाच वर्साची, उंबऱ्यापशी निजली व्हती म्हून हिला खरचटलं बी न्हाई. हिची आई आतल्या अंगाला दबली व्हती. जित्ती व्हती बाई. ती हिला सांगून राहिली, बाळा, कडी काढ, बाहीर जा, कुणाला तरी हाक मार. कडी वर व्हती.’ त्यांनी खांद्यावरची पिशवी काढून मांडीवर घेतली. ‘मी दार तोडलं तवा ही अशी हुबी.’

आणि बसल्या बसल्या त्यांनी स्वतःचा हात वर केला.

‘आईचा आवाज कवा बंद झाला म्हून लोकांनी हिला लई इचारलं. म्हनली, मी कडी काढाया बघत व्हते, माझं ध्यान नव्हतं. तवापासनं आमच्या घराला कडीच न्हाई. दुकानाला बी न्हाई. चोर नेतील ते नेतील.’

मी त्या बाकासमोर उभी होते. मला रडू येत होतं आणि त्याचाही राग येत होता. इतके दिवस मी समजत होते, की तिला पळून जायला वाट पाहिजे. ती एकदाही दाराबाहेर गेली नव्हती. आत बसलेल्यांसाठी कडी काढून ठेवत होती.

‘आता हिला घरला नेतो,’ ते म्हणाले. ‘पर पोरगी शिकायचं म्हनती. तुम्ही शिकवायचंच शिकून राहिल्या न्हवं? तुम्हांला ठावं असंल. कडी न लावता शिकवनारी शाळा कुठं हाय का बाई? किनवटाकडं असली तरी चालंल. मी सोडून येतो.’

मी खरोखर आठवायला लागले. किनवटच्या आश्रमशाळेत गेलेली मैत्रीण पत्रात लिहायची, की रात्री मुलींच्या खोल्यांना बाहेरून कुलूप लागतं. माझ्या वडिलांच्या हायस्कूलचं फाटक प्रार्थनेनंतर बंद व्हायचं. काकांच्या शाळेत, आईच्या शाळेत, मी स्वतः शिकले त्या शाळेत, सगळीकडं दारं होती आणि सगळ्यांना कड्या होत्या. आमच्या घरात एवढे मास्तर, आणि एकालाही हा प्रश्न कधी कुणी विचारला नसणार. ते माझ्या तोंडाकडं बघत होते. 

शेवटी तीच उठली. दप्तर पाठीला लावलं आणि वडिलांचा हात धरला.

‘चला अप्पा,’ ती म्हणाली. ‘बाईंना न्हाई येत ते.’